हास्केलचं ‘पॅरलल’ पॅकेज: चिन्हांच्या गणितासाठी कितपत कामाचं?

अवकलन, पदावली सोपी करणं, पॅटर्न जुळवणं ही कामं प्रोसेसरच्या चार कोअरवर (स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांवर) वाटायला हास्केल या प्रोग्रॅमिंग भाषेचं हे फुकटचं पॅकेज उत्तम आहे. जळगाव-धुळ्याच्या कॉलेज लॅबमधला चार कोअर, 8 जीबीचा पीसी त्याला पुरतो. त्याचं नातं संगणकशास्त्रज्ञ हॅल्स्टेड यांच्या 1985 च्या मल्टिलिस्प या भाषेतल्या ‘फ्यूचर’शी (उत्तर मागाहून मिळेल असं वचन) आहे. इथे त्याजागी ‘स्पार्क’ असतो: हे काम रिकाम्या कोअरने उचललं तर बरं, एवढीच सूचना. सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे कोअर एक असो वा चार, उत्तर तेच येतं.

कंपाइल करताना ‘-थ्रेडेड’ आणि ‘-आरटीएसऑप्ट्स’ द्या, चालवताना ‘+आरटीएस -एन4 -एस’. शेवटी स्पार्कचा हिशेब छापून येतो, तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. ‘कन्व्हर्टेड’ म्हणजे खरंच समांतर झालेलं काम. ‘फिझल्ड’ जास्त दिसले तर मुख्य थ्रेडनेच (प्रोग्रॅमच्या मूळ धाग्यानेच) ते काम आधी उरकलेलं असतं. ‘ओव्हरफ्लोड’ आले तर तुकडे फार बारीक पडलेत. प्रत्येक कोअरच्या रांगेत 4096 स्पार्कच मावतात. रावेरकडे केळी उतरवताना कुणी एकेका फणीमागे माणूस धाडत नाही, घडावर काम वाटतात. तसंच 10,000 पदावल्या यादीचे गठ्ठे पाडणाऱ्या ‘पारलिस्टचंक’ने 200-200 च्या गठ्ठ्यांत दिल्या की 50 स्पार्क होतात, चार कोअरना भरपूर. पदावलीचं एकच मोठं झाड असेल तर सहाव्या पातळीपर्यंतच स्पार्क टाका. दोन-दोन फांद्या धरल्या तर त्या पातळीवर जास्तीत जास्त 64 उपझाडं निघतात.

नवखे हमखास अडकतात ते ‘आरसेक’पाशी. तो पदावलीच्या झाडातला फक्त सर्वांत वरचा नोड (सांधा) उघडतो. म्हणजे बेरजेचं चिन्ह तयार, पण दोन्ही बाजू न सोडवता तशाच पडून, आणि पुढचं सगळं ओझं पुन्हा मुख्य थ्रेडवर. हिशेबात ‘कन्व्हर्टेड’ मात्र भरघोस दिसतात, त्यामुळे चूक लवकर सापडत नाही. अख्खं झाड उघडणारा ‘आरडीपसेक’ वापरा, त्यासाठी आपल्या पदावलीच्या टाइपला ‘एनएफडेटा’चा इन्स्टन्स (तो टाइप पूर्ण कसा उघडायचा ते सांगणारी व्याख्या) लागतो.

दुसरी अडचण कचरा, म्हणजे नको झालेली मेमरी, गोळा करण्याची. अशा प्रोग्रॅममध्ये नवे नोड सतत बनतात आणि गोळा करताना सगळे कोअर थांबतात. चालवताना ‘-ए64एम’ देऊन नव्या नोडसाठी 64 एमबी जागा ठेवल्यावर हे थांबणं बरंच विरळ होतं. ही जागा दर कोअरला वेगळी, म्हणजे चौघांना मिळून 256 एमबी. तरी चौपट वेगाची आशा धरू नका: दहा टक्के काम क्रमानेच होणारं असेल तर चार कोअरवर जास्तीत जास्त तिप्पटच मिळतं.

ग्रोबनर बेसिस (बहुपदींच्या संचाचं सोयीचं रूप) काढण्यासारख्या कामाला, जिथे प्रत्येक पायरी बदलत्या सामायिक संचावर अवलंबून असते, तिथे हे पॅकेज घेऊ नका.