‘छान आहे’वर उतारा: पिवळ्या स्टिकी नोट्स

मी कथा लिहिते आणि कुठे पाठवण्याआधी घरच्या-दारच्या सात-आठ जणांना वाचायला देते. छापून, स्पायरल घालून एकच प्रत काढते. ती हातोहात फिरते. महिना-दीड महिन्याने प्रत परत येते आणि तिच्याबरोबर एक वाक्य येतं, ‘छान आहे.’ अजून काही विचारावं तर, ‘नाही गं, खरंच छान आहे.’ समासात लिहा म्हणून सांगून झालं. मग समासच ऐसपैस सोडला. तोही कोरा करकरीत परत आला. पुस्तकावर रेघ ओढली की लहानपणी धपाटा बसायचा, त्याची दहशत पन्नाशीतही जात नाही, असं माझं निदान आहे.

म्हणून एका खेपेला प्रतीबरोबर पोस्ट-इट या स्टिकी नोट्सचं एक पॅड आणि एक पेन्सिल दिली. पॅड नेहमीचंच, पिवळं, ७६ मिलिमीटर चौरस, १०० चिठ्ठ्यांचं. प्रत परत आली तेव्हा तिला पिसं फुटल्यासारखी दिसत होती. मोजल्या तर त्रेसष्ट चिठ्ठ्या! त्यातल्या सव्वीसाव्या पानावर वहिनींच्या अक्षरात होतं, ‘आजी नवव्या पानावर गेल्या ना? मग इथे खिडकीशी कोण बसलंय?’ ही कथा मी स्वतः अकरा वेळा वाचली होती.

माझ्या मते सगळी करामत त्या अर्धवट चिकटण्यात आहे. चिठ्ठी काढता येते, म्हणून माणूस ती लावायला धजावतो. तो गोंदही मुळात फसलेलाच. १९६८ साली थ्रीएम या अमेरिकन कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर हे रसायनशास्त्रज्ञ जबरदस्त चिकटणारा गोंद करायला गेले आणि हातात आला तो जेमतेम धरणारा. त्याचे बारीक बारीक गोळे कागदाला थोड्याच जागी टेकतात, त्यामुळे चिठ्ठी धरते आणि कागद न फाडता सुटतेही. याचं करायचं काय, हे कितीतरी वर्षं कोणाला सुचेना. १९७४ मध्ये त्याच कंपनीतल्या आर्ट फ्राय यांच्या भजनाच्या पुस्तकातल्या खुणेच्या चिठ्ठ्या सारख्या गळून पडायच्या, त्यांना हा गोंद आठवला. पिवळा रंगही कोणी निवडलेला नाही. शेजारच्या प्रयोगशाळेत पिवळा कागद उरला होता, एवढंच.

यातली पुढची हकीकत मला जास्त उपयोगी पडली. १९७७ मध्ये हा माल चार शहरांत विकायला ठेवला तर लोकांनी ढुंकून पाहिलं नाही. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्याच बॉइसी शहरात तो फुकट वाटला, तेव्हा वापरणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त जण म्हणाले, आम्ही विकत घेऊ. १९८० मध्ये तो अमेरिकाभर गेला. म्हणजे नुसतं ‘घ्या, घ्या’ म्हणून भागत नाही, हातात द्यावं लागतं. मी इतकी वर्षं ‘अभिप्राय कळवा’ म्हणत बसले होते.

नुसतं पॅड देऊनही भागत नाही म्हणा. पहिल्या फेरीत मी प्रत्येकाला वेगळा रंग दिला होता, कोण काय म्हणालं ते कळावं म्हणून. शहाणपणा अंगाशी आला. गुलाबीवालीला कळलं की आपण ओळखू येणार, आणि तिच्या सगळ्या चिठ्ठ्या अदबशीर झाल्या. आता सगळ्यांना पिवळाच. (अक्षर ओळखू येतंच, पण तेवढं न ओळखल्यासारखं करायचं.) दुसरं म्हणजे पहिली चिठ्ठी मीच लावते. चौथ्या पानावर लिहिलं होतं, ‘हे वाक्य सहा वेळा बदललं, अजून खटकतंय. का?’ त्या एका चिठ्ठीखाली पाच चिठ्ठ्या आल्या. एकीवर दुरुस्त केलेलं वाक्य होतं, तिच्याखाली दुसऱ्याने लिहिलं होतं, ‘मूळचंच बरं होतं.’ लोकांना मत विचारलं की ते बावरतात. अडलंय म्हणून सांगितलं की धावून येतात.

तोटे आहेतच. प्रत एकच असल्याने पुढच्याला आधीच्याचं दिसतं. पहिल्याने कंटाळा आला म्हटलं की पुढच्या तिघांनाही तिथेच कंटाळा येतो. म्हणून हल्ली दोन प्रती फिरवते. चिठ्ठी काढायची पद्धतही सांगावी लागते. खालच्या कडेला धरून वर ओढली की ती वळते आणि मग पानावर जिभेसारखी बाहेर येऊन बसते. गोंदाच्या पट्टीच्या दिशेने, बाजूने सोलली तर सपाट राहते. धूळ बसली की पकड जाते, त्यामुळे इकडची तिकडे लावण्याचे खेळ दोन-चारदाच. जेल पेनने फरफटतं, पेन्सिल उत्तम. आणि जुन्या, जपायच्या पुस्तकांना हे लावूच नका. चिठ्ठी निघाली तरी गोंदाचा अंश मागे राहतो.

मध्ये काटकसर म्हणून कुठलं तरी बिननावाचं पॅड आणलं होतं. तिसऱ्या वाचकाकडून प्रत आली ती बोडकी, आणि पिशवीच्या तळाशी एकोणीस चिठ्ठ्या. एकीवर लिहिलं होतं, ‘हे इथे नको.’ कुठे नको? त्यावर मी संध्याकाळ घालवली. तेव्हापासून प्रत कोणाच्या हाती देताना पहिली सूचना हीच, की चिठ्ठीच्या कोपऱ्यात आधी पानाचा आकडा घाला, मग बोला.

ज्यांना वाचकांकडून खरंच काही ऐकायचं आहे त्यांनी घ्यावं, ज्यांना फक्त कौतुक हवंय त्यांना समास पुरेसा आहे. पाचपैकी साडेचार. अर्धा गुण पेन्सिलींसाठी कापला. त्यात कंपनीचा दोष नाही, पण माझ्या चार गेल्या त्या गेल्याच.

आमचे एक काका आहेत, ‘छान आहे’चे मूळ पुरुष. त्यांनी अख्ख्या प्रतीत एकच चिठ्ठी लावली आणि तिच्यावर लिहिलं, ‘छान.’ पण ती चव्वेचाळीसाव्या पानावर, तिसऱ्या ओळीला अगदी खेटून लावलेली होती.