चेहरा हस्तिदंतावरचा घ्यावा की मीन्याचा?

जुनं युरोपियन व्यक्तिचित्र, तळहातात मावेल असं, घ्यायचं ठरवून तुम्ही लंडनच्या लिलावांच्या याद्या चाळत असाल, तर घोडं शेवटी इथेच अडतं: हस्तिदंतावर जलरंगात काढलेलं घ्यावं, की तांब्यावर काचेचा लेप भाजून केलेलं इनॅमलचं, म्हणजे मीन्याचं? माझ्याकडे दोन्ही आहेत, एकेकच. त्यामुळे हे एका घरापुरतं मत समजा.

हस्तिदंताची बाजू खरंच भक्कम आहे. कातडीसाठी तिथे रंग जेमतेम लावलेला असतो. खालचा दुधी पिवळेपणाच गालातून झिरपतो. कॉसवे या इंग्लिश चित्रकाराच्या चित्रांतली ती हलकी, हवेशीर तब्येत इनॅमलमध्ये शोधूनही सापडायची नाही. असाच दुसरा चित्रकार जॉन स्मार्ट तर १७८५ ते १७९५ मद्रासला होता आणि तिथल्या चित्रांवर आद्याक्षरांसोबत 'आय', म्हणजे इंडिया, लिहायचा. हे कळल्यावर मी जरा हळवा झालो होतो. (माझं चित्र त्याचं नाही. तेवढी ऐपत नाही.)

इनॅमल त्यामानाने थंड. पांढऱ्या थरावर धातूंच्या ऑक्साइडचे रंग, मग भट्टी, पुन्हा रंग, पुन्हा भट्टी. लावताना दिसतो तो रंग भाजून तसाच निघेल याची खात्री नाही, आणि शेवटच्या भाजणीत तडा गेला तर आधीची सगळी मेहनत पाण्यात. म्हणूनच की काय, चित्रकार जपून वागतो आणि चेहरे गुळगुळीत होतात. १७०६ मध्ये लंडनला आलेल्या झिंके या इनॅमल-चित्रकाराने रंगवलेल्या बायका तर मला सख्ख्या बहिणी वाटतात. राजा-राणीने त्याला एकमेकांचं वय कमी दाखवायला सांगितलं होतं म्हणे. मग काय होणार!

तरीही मला छळलं ते उजेडाने. हस्तिदंतावरची बाई मी हौसेने खिडकीसमोरच्या भिंतीवर लावली. दुसरा उन्हाळा सरला तेव्हा सहज लिलावाच्या यादीतला तिचा फोटो काढून शेजारी धरला, तर गालावरची लाली जवळजवळ गेलेली. बाई तापातून उठल्यासारखी दिसत होती. ते जुने गुलाबी रंग उन्हाला टिकत नाहीत, हे मला वाचून ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं. तेव्हापासून ती ड्रॉवरमध्ये असते, ट्रंकेतल्या शालूसारखी. पाहुणे आले की काढायची, दाखवायची, परत ठेवायची. पुण्याला आईला दाखवायला न्यावी म्हटलं, तर हस्तिदंत म्हणताच परवान्यांचं शुक्लकाष्ठ. इथे ब्रिटनमध्ये विकायची तरी १९१८ पूर्वीची आणि ३२० चौरस सेंटिमीटरच्या आतली असावी लागते, वर नोंदणी.

इनॅमलचा साहेब मात्र स्वयंपाकघराच्या खिडकीत, किटलीशेजारी, उन्हात बसलेला असतो. त्याचे गाल भट्टीतून निघाले तेव्हाचेच आहेत. सकाळी चहा होईपर्यंत रोज त्याच्याकडे बघणं होतं; बाईकडे महिना-महिना होत नाही.

तो हातातून पडता कामा नये, एवढंच. कडेचा टवका उडाला की दुरुस्ती लपत नाही. म्हणून घेताना दिव्याखाली तिरपा धरून केसासारखे तडे बघा आणि पाठ बघायला मागा. मागेही इनॅमलचा थर असतो आणि कधीकधी सहीसुद्धा तिथेच. हेन्री बोन हा इनॅमल-चित्रकार तर मागे चांगला मजकूरच लिहायचा. विक्रेता फ्रेम उघडायला कां-कूं करत असेल, तर मी तरी पुढच्या टेबलाकडे वळतो.