४०० रुपयांचा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर: मिसिंग पकडायला पुरतो का?

ओबीडी स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचून फोनवर दाखवणारा डबा. ऑनलाइन ३०० ते ७०० रुपयांत मिळणारा ‘ईएलएम ३२७’ नावाचा निळा किंवा काळा डबा म्हणजे मूळ कॅनेडियन चिपची नक्कल. तरीही पेट्रोल गाडीचं मिसिंग (एखादा सिलिंडर नीट न पेटल्याने बसणारे झटके) शोधायला तो पुरतो. फक्त तो पार्ट सांगत नाही, सिलिंडर सांगतो. पुढचं काम १० एमएमच्या पान्याचं.

घेताना वेष्टनावर काय छापलंय याला फार अर्थ नाही. साधारणपणे १.५ आवृत्तीचे डबे जास्त गाड्यांशी बोलतात आणि २.१ वाले अर्ध्या आज्ञा गिळतात, पण १.५ चं लेबल लावलेला २.१ सुद्धा सर्रास येतो. म्हणून परत करता येईल अशाच ठिकाणाहून घ्या आणि आल्या दिवशीच लावून बघा. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथवाला चालत नाही, वायफाय किंवा बीएलई (कमी वीज खाणारा ब्लूटूथ) लागतो.

स्टिअरिंगच्या खाली १६ पिनचं सॉकेट असतं. डबा त्यात लावा, चावी ‘ऑन’ करा, इंजिन बंदच ठेवा. फोनच्या सेटिंगमधून जोडा, पिन १२३४ किंवा ००००. ‘टॉर्क’ किंवा ‘कार स्कॅनर’ यापैकी एक ॲप पुरे. जुन्या गाडीत सॉकेट दिसलं तरी डबा बोलेलच असं नाही, आणि मारुती ८०० च्या कार्बोरेटरवाल्या मॉडेलसाठी तर पैसे घालवूच नका.

मिसिंगचे कोड असे: पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ दुसरा, पी०३०३ तिसरा. पी०३०० आला तर मिसिंग एका जागी नाही. वॅगन आर किंवा अल्टोच्या तीन सिलिंडरवाल्या इंजिनात पी०३०४ कधीच येणार नाही. मोजणी बेल्टच्या बाजूने. कोड पुसायच्या आधी ‘फ्रीझ फ्रेम’चा फोटो काढून ठेवा: कोड पडला तेव्हा किती आरपीएम होते, इंजिन थंड होतं की गरम, लोड किती होता, हे त्यात असतं आणि कोड पुसला की तेही जातं.

समजा पी०३०३ आलाय. इंजिन थंड होऊ द्या. तिसऱ्या सिलिंडरची कॉइल, म्हणजे स्पार्क प्लगवर बसणारी आणि त्याला ठिणगीचा करंट देणारी, काढा (एक बोल्ट, एक कनेक्टर) आणि पहिल्याशी अदलाबदल करा. कोड पुसून १०-१५ मिनिटं चालवा. चेक लाइट लागायची वाट पाहू नका, मिसिंगचा कोड बहुतेक वेळा दुसऱ्या फेरीत पक्का होतो. पहिल्या फेरीत तो ‘पेंडिंग’मध्ये दिसतो. तिथे पी०३०१ आला तर कॉइल गेली, विषय संपला. पी०३०३ च राहिला तर प्लगची अदलाबदल. तरीही तिथेच, तर इंजेक्टरचा (सिलिंडरला पेट्रोल देणाऱ्या नोझलचा) कनेक्टर आणि वायर. तेही ठीक असेल तर सिलिंडरचा दाब मोजायचं कॉम्प्रेशन गेज लागणार, आणि ते काम मिस्त्रीचं.

प्लग काढलाच आहे तर पांढऱ्या चिनी मातीवर उभी काळी रेघ दिसते का ते बघा, पेन्सिलने ओढल्यासारखी. ठिणगी टोकापर्यंत न जाता बाहेरून उडी मारत होती, याची ती खूण. अशी रेघ कॉइलच्या रबरातही उमटते, म्हणून नुसता प्लग बदलून भागत नाही. कारण बहुतेक वेळा पाणी. वॉशिंग सेंटरवर इंजिनवर प्रेशरने पाणी मारून घेतात, ते प्लगच्या खोल विहिरीत साचतं आणि गाडी दुसऱ्या दिवशी झटके मारते. विहिरीत पाण्याऐवजी ऑइल दिसलं तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलंय.

प्लगला १६ एमएमचा बॉक्स पाना लागतो, काही गाड्यांना १४. एनजीके प्लगच्या नंबरात शेवटी १० असेल तर गॅप (ठिणगीच्या टोकांतलं अंतर) १.० एमएम, ११ असेल तर १.१. हेड ॲल्युमिनियमचं आहे, त्यामुळे आधी हातानेच पूर्ण बसवा. नवीन वॉशरवाला प्लग त्यापुढे अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, जुनाच परत लावताना जेमतेम बारावा हिस्सा. इथे जोर दाखवला की आटे गेलेच.

आता आपल्याकडचा खास प्रकार. गाडी कोठ्याशेजारी किंवा कुटाराच्या ढिगाजवळ उभी राहते आणि उंदीर रात्रीतून कॉइल-इंजेक्टरच्या वायरा कुरतडतात. संध्याकाळी ठणठणीत असलेली गाडी सकाळी मिसिंग करत असेल तर स्कॅनर लावायच्या आधी बॉनेट उघडा. तुटलेली वायर पिळून वरून टेप गुंडाळू नका. ४५ अंशांच्या उन्हात बॉनेटखाली टेपचा गोंद वितळतो आणि जोड उघडा पडतो. सोल्डर करा आणि वरून हीट श्रिंकची नळी घाला.

पी०३०० असेल तर ॲपमध्ये ‘फ्युएल ट्रिम’ बघा, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय. त्यातल्या शॉर्ट आणि लाँग या दोन आकड्यांची बेरीज आयडलला (रेस न देता) १० टक्क्यांच्या बरीच वर आणि २५०० आरपीएमला खाली येत असेल तर कुठूनतरी हवा ओढली जातेय: इनटेकचं पॅकिंग, फुटलेली व्हॅक्युम नळी. उलट रेस दिल्यावर वाढत असेल तर पेट्रोल कमी पडतंय, पंप किंवा फिल्टर बघा. सीएनजीवर मिसिंग आणि पेट्रोलवर ठीक, असं असेल तर आधी प्लग-कॉइलच. गॅसला ठिणगी जोरदार लागते.

चेक लाइट लुकलुकत असेल तर पांदण रस्त्याने रेस देत गाव गाठायच्या भानगडीत पडू नका. न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, आणि त्याची किंमत अशा कित्येक स्कॅनरांएवढी. याच कारणाने कॉइलचा कनेक्टर काढून इंजिन चालवत ठेवायची जुनी युक्ती या गाड्यांवर नको.

उणिवा? एबीएस (ब्रेकची यंत्रणा) आणि एअरबॅगचे कोड हा सहसा वाचत नाही. डिझेलला प्लग-कॉइलच नाहीत, त्यामुळे बोलेरोवाल्यांना वरची अदलाबदल उपयोगाची नाही. आणि सॉकेटला थेट बॅटरीचा करंट असल्याने डबा गाडी बंद असतानाही ओढत राहतो. ४० मिलिअँपिअर धरले तर दिवसाला जवळपास १ अँपिअर-अवर. अल्टोच्या ३५ च्या बॅटरीतून पंधरवड्यात १४ गेले. पेरणीच्या दिवसांत गाडी तशीच उभी राहणार असेल तर डबा काढून डॅशबोर्डच्या खणात टाका.