सीताबर्डीत घेतलेला प्राकृतिक नकाशांचा संच: भूशिर कोणते आणि टोक कोणते?

भारत आणि जग अशा दोन प्राकृतिक भिंतनकाशांचा मराठी संच सीताबर्डीतील एका शैक्षणिक साहित्याच्या दुकानातून घेतला. फुटाळा तलावालाच चौपाटी म्हणणाऱ्या आम्हा नागपूरकरांना किनाऱ्याची भूरूपे बहुधा कागदावरच शिकावी लागतात, त्यामुळे असा नकाशा अचूक असणे येथे अधिक महत्त्वाचे ठरते.

छपाई उत्तम आहे. समुद्राच्या खोलीनुसार बदलणाऱ्या निळ्या छटा दुरूनही वेगळ्या ओळखू येतात. लॅमिनेशन मात्र इतके चकाकते की ट्यूबलाइटखाली अर्धा अरबी समुद्र दिसेनासा होतो.

चिन्हसूचीत भूशिर आणि टोक यांना स्वतंत्र चिन्हे दिली आहेत, ही काळजी शालेय नकाशांत क्वचितच घेतली जाते. समुद्रात शिरलेल्या जमिनीच्या लहानमोठ्या कोणत्याही अग्राला टोक म्हणता येते. परंतु ज्याच्यापाशी किनाऱ्याची दिशाच बदलते आणि ज्याला वळसा घालताना खलाशाला मार्ग बदलावा लागतो, त्यालाच भूशिर म्हणणे योग्य. या संचाने बहुधा उंचीची कसोटी लावली असावी, आणि तेथेच घोटाळा झाला आहे. आफ्रिकेतील कडेकपारींच्या केप ऑफ गुड होपला भूशिराचे चिन्ह मिळाले आहे, तर तेथून सुमारे १५० किलोमीटर आग्नेयेस असलेल्या, तुलनेने सखल अगुल्हासला केवळ टोकाचे. प्रत्यक्षात आफ्रिकेचे दक्षिणतम स्थान अगुल्हास आहे आणि अटलांटिक व हिंदी महासागरांची सीमाही तेथूनच धरतात. भारताच्या नकाशात तमिळनाडूतील कोडियाकराईवर असाच अन्याय झाला आहे, कारण तेथे किनारा जवळजवळ काटकोनात वळत असला तरी जमीन सखल व वाळूची आहे. उलट मुंबईच्या मलबार टेकडीचे खडकाळ टोक भूशिर म्हणून मिरवते.

कठीण खडक टिकून राहतो, शेजारचा मऊ खडक झिजून तेथे उपसागर तयार होतो आणि मग वळलेल्या लाटांचा मारा पुढे आलेल्या खडकावर एकवटून सागरी गुहा, कमान व स्तंभ घडतात, हे दाखवणारी कोपऱ्यातील आकृती मात्र पाठ्यपुस्तकातील आकृतीपेक्षा सरस आहे. स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्याने तेवढ्यासाठी संच जरूर घ्यावा, पण अगुल्हास आणि कोडियाकराईची चिन्हे पेनाने दुरुस्त करून मगच तो भिंतीवर लावावा.