गरोदरपणातील ड जीवनसत्त्व: ऊन, उपकेंद्रातली गोळी की साठ हजार युनिटची पुडी?

बाळ भरल्या अंगाचे जन्मावे म्हणून गरोदर स्त्रीला ड जीवनसत्त्व कसे द्यावे, हा प्रश्न विदर्भातल्या खेड्यांत अनेक कुटुंबांपुढे येतो. समोर तीन मार्ग असतात: अंगणातले ऊन, उपकेंद्रातून मिळणारी कॅल्शियमची गोळी आणि तालुक्याच्या खासगी दवाखान्यात लिहून मिळणारी साठ हजार युनिटची पुडी. निवड करण्यापूर्वी ड जीवनसत्त्वाकडून नेमकी अपेक्षा काय ठेवायची, हे ठरवणे आवश्यक आहे.

ज्या मातांच्या रक्तात हे जीवनसत्त्व कमी असते, त्यांची बाळे अनेकदा लहानखुरी जन्मतात, असे बऱ्याच निरीक्षणांत आढळले आहे. परंतु ज्या घरात आहार अपुरा, त्याच घरात इतर उणिवाही असतात, त्यामुळे दोष एकट्या ड जीवनसत्त्वाचा ठरत नाही. ढाक्यात १३०० गर्भवतींवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काहींना औषध नसलेली गोळी, तर इतरांना आठवड्याला ४२०० ते २८,००० युनिट ड जीवनसत्त्व दिले गेले. कमतरता आणि खुंटलेली वाढ, दोन्ही तिथे सर्रास होती. तरीही जन्माच्या वेळचे वजन व लांबी किंवा वर्षभरानंतरची उंची यांत फरक पडला नाही. आपल्या परिस्थितीशी इतके साम्य असलेला पुरावा मला सर्वांत वजनदार वाटतो. जागतिक आरोग्य संघटनाही सर्व गर्भवतींना सरसकट ड जीवनसत्त्व देण्याची शिफारस करत नाही. याचा अर्थ ते निरुपयोगी आहे असा नव्हे: आईमध्ये तीव्र कमतरता असल्यास बाळाच्या रक्तातील कॅल्शियम घसरून झटके येऊ शकतात, पुढे मुडदूसही होऊ शकतो. म्हणजे ते हाडांसाठी आणि कॅल्शियमसाठी घ्यायचे, वजनासाठी नव्हे.

ऊन फुकट आहे, पण त्याविषयी एक गैरसमज घट्ट रुजला आहे. सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात त्वचेत ड जीवनसत्त्व जवळजवळ तयार होत नाही, कारण त्यासाठी लागणारे अतिनील किरण सूर्य वर चढल्यावरच पुरेसे पोहोचतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, ती वेळ उपयोगाची. हिवाळ्यात अकराच्या सुमारास हात, पाय आणि चेहरा उघडे ठेवून थोडा वेळ अंगणात बसणे सोयीचे आहे. मात्र एप्रिल-मे महिन्यांत, पारा पंचेचाळीसपर्यंत जात असताना, गर्भवतीला भर उन्हात बसवणे धोक्याचे आहे आणि तो हट्ट कोणत्याही सासूबाईंनी धरू नये. कापूस वेचणीला किंवा रोवणीला जाणाऱ्या स्त्रियांना ऊन भरपूर मिळते असे आपण गृहीत धरतो, पण पूर्ण बाह्या आणि डोक्याला घट्ट गुंडाळलेला दुपट्टा यांमुळे त्यांच्या त्वचेपर्यंत त्यातले थोडेच पोहोचते.

उपकेंद्रातल्या कॅल्शियमच्या गोळीकडे या दृष्टीने फारसे पाहिले जात नाही. केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रत्येक गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमसोबत २५० युनिट ड जीवनसत्त्व असते आणि चौथ्या महिन्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत दिवसाला दोन गोळ्या घ्यायच्या असतात. दिवसाला ५०० युनिट अशा रीतीने विनामूल्य मिळतात. राष्ट्रीय पोषण संस्थेने सुचवलेली रोजची गरज ६०० युनिट आहे. गोळी जेवणासोबत घ्यावी आणि रक्तवाढीच्या लाल गोळीपासून किमान दोन तासांचे अंतर ठेवावे, कारण कॅल्शियममुळे लोह नीट शोषले जात नाही.

पुडीचा हिशेब वेगळा आहे. आठवड्याला साठ हजार म्हणजे दिवसाला सुमारे साडेआठ हजार युनिट, आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ओलांडू नये अशी मर्यादा दिवसाला ४००० युनिट मानली जाते. हाडे दुखणे, मांडीच्या व खांद्याच्या स्नायूंत अशक्तपणा असणे किंवा तपासणीत तीव्र कमतरता निघणे, अशा वेळी डॉक्टरांनी ठरावीक आठवड्यांसाठी दिलेली पुडी योग्यच आहे. केवळ बाळाचे वजन वाढावे म्हणून खासगी प्रयोगशाळेतली महागडी तपासणी, तालुक्याला जाण्यायेण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी एवढा खर्च करण्याऐवजी तोच पैसा अंडी, डाळ, शेंगदाणे आणि दूध यांवर घालावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

जन्माचे वजन अडीच किलोच्या खाली जाण्यामागे रक्तक्षय, कोवळ्या वयातले पहिले बाळंतपण, दोन मुलांतले कमी अंतर आणि आईचे मुळातच कमी वजन ही कारणे अधिक बळकट आहेत. आपल्याकडे त्यांत खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचे मिश्रण, येतो, गडचिरोलीकडे हिवताप येतो, आणि पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार येतो. सिकलसेलची तपासणी अजून झाली नसेल, तर ड जीवनसत्त्वाच्या तपासणीआधी ती करून घ्यावी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गर्भवतींची मोफत तपासणी होते. रक्ताचे प्रमाण, वजनातली वाढ आणि कॅल्शियमच्या गोळ्या नियमित मिळतात का, हे तिथेच विचारता येते. बाळ जन्मल्यावर त्याला रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्वाचे थेंब वर्षभर द्यावेत, असा भारतीय बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे, कारण आईच्या दुधात ते अत्यल्प असते.