एन्शंट ड्रॅगनसाठी कागद: दहा महिन्यांचा अनुभव

जानेवारीत जपानी ओरिगामी कलाकार सातोशी कामियाचा एन्शंट ड्रॅगन, म्हणजे कागदाच्या घड्यांतून होणारा ड्रॅगन, करायला घेतला आणि ऑक्टोबरमध्ये तो पूर्ण झाला. मधे पाच अर्धवट ड्रॅगन झाले. ज्यांना हे मॉडेल माहीत नाही त्यांच्यासाठी, एकच चौरस कागद, कुठेही कात्री नाही, चिकटवणं नाही, आणि त्यातून पंख, शिंगं, प्रत्येक पायाची वेगवेगळी बोटं असा अख्खा ड्रॅगन निघतो, स्टेप्स अडीचशेच्या वर आहेत. क्रेन पक्षी, बेडूक, लिली हे ओरिगामीतलं नेहमीचं सगळं हाताला बसलं असेल तरी हे वेगळं प्रकरण आहे. मी पहिले तीन महिने माझा हात कमी पडतोय असं समजत होते, आणि खरं तर कागद चुकत होता, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

पहिला प्रयत्न झेरॉक्सच्या कागदावर, ७५ जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाचा) मोठा ताव आणून ३५ सेंमीचा चौरस कापला. सुरुवातीच्या घड्या छान पडल्या, पण पुढे पुढे थर वाढत गेले आणि बोटं करायची वेळ आली तेव्हा घडी बसेचना. साधा हिशोब आहे, हा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो, म्हणजे एका जागी चाळीस थर आले की ४ मिमी झाले, आणि त्यातून अर्ध्या सेंटीमीटरची बोटं काढायची आहेत, ती निघणारच नाहीत. शाळेत आपण हस्तकलेला वापरायचो तो घोटीव कागद पण करून बघितला, दिसायला सुंदर पण घडीवर रंग उडून पांढऱ्या रेषा दिसतात, आणि तीच घडी उलटी केली की तिथेच फाटतो. संक्रांतीला आणलेले पतंगाचे ताव उरले होते, तो कागद पातळ आणि कडक म्हणून मला फार आशा होती, पण जिथे सात-आठ घड्या एका बिंदूत येतात तिथे भोक पडतं. पुण्याचा हातकागद माझा अतिशय आवडता, पण त्यातले जाड ताव पाणी लावून गोलसर आकार द्यायला, म्हणजे वेट फोल्डिंगला चांगले, या मॉडेलला नाहीत.

मार्चमध्ये टिश्यू फॉइल केला. स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल, दोन्ही बाजूंनी स्प्रे ग्लू आणि टिश्यू पेपर (भेटवस्तूंना गुंडाळतात तो पातळ कागद). घडी जिथे ठेवाल तिथे राहते, पंख हवे तसे वाकतात, त्यामुळे सगळे याच्या प्रेमात पडतात आणि मीही पडले. पण फॉइलचा रोल असतोच ३० सेंमीच्या आसपास रुंद, त्याहून मोठा चौरस करायचा तर जोड द्यावा लागतो. आणि मुख्य अडचण ही की चुकीची घडी फॉइल विसरत नाही, तुम्ही ती उघडून सपाट केली तरी पुढची घडी त्याच चुकीच्या रेषेवर घसरते, आणि एकाच जागी पुढेमागे केलं की धातू तडकतो. शिकणाऱ्याच्या हातून घड्या चुकणारच ना? म्हणून माझं स्पष्ट मत, मॉडेल पाठ झाल्याशिवाय फॉइलला हात लावू नका.

खरा फरक पडला तो वह्यांना घालतो त्या ब्राउन पेपरने. जूनमध्ये कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्या काकांकडे गेले, म्हटलं, "काका, लॅमिनेशन नसलेला, सगळ्यात पातळ रोल द्या," तर ते म्हणाले, "अगं त्याची कव्हरं टिकत नाहीत, हा जाडवाला घे." मी पातळच घेतला. एका बाजूने गुळगुळीत, दुसरीकडून खरखरीत असा हा क्राफ्ट कागद ५० सेंमीचा चौरस देतो, फाटत नाही, चूक झाली तर घडी उघडून परत करता येते, आणि स्वस्त असल्यामुळे मनावर दडपण नसतं. दोन गोष्टी मात्र बघा. रोलचा बाक आधी घालवा, मी दोन रात्री गादीखाली ठेवत होते. आणि कापल्यावर दोन्ही कर्ण दुमडून कोपऱ्यावर कोपरा बसतो का तपासा, कारण अर्धा मिलिमीटर फरक असला तरी शंभराव्या स्टेपला तो खूप मोठा होऊन समोर येतो, मी एक अख्खा प्रयत्न यातच घालवलाय.

सरावाबद्दल. सुरुवातीपासून शेवटपर्यंत परत परत करत बसू नका, मी तसं केलं आणि पहिला भाग दहा वेळा झाला, शेवटचा एकदाही नाही. नंतर मी अडणारे तुकडे वेगळे काढले. ओपन सिंक, म्हणजे घडीचं टोक उघडून आत ढकलणं, जमत नव्हतं तर वॉटरबॉम्ब बेस नावाच्या साध्या त्रिकोणी घडीवर त्याचा सराव केला, रोज रात्री जेवणानंतर पाच-सहा, आठवड्यात हात बसला. प्रत्येक अवघड टप्प्यावर फोटो काढून ठेवला, आणि आकृती बघताना कायम पुढची स्टेप आधी बघायची, कारण आत्ताच्या घडीचं काय होणार हे तिथे कळतं. या बाण आणि तुटक रेषांच्या खुणा मुळात जपानी ओरिगामी कलाकार अकिरा योशिझावांच्या, त्या एकदा वाचता आल्या की जपानी येत नसलं तरी अडत नाही. एका बैठकीत दीड तास, जास्त नाही, दमलेल्या हाताने पडलेली घडी दुसऱ्या दिवशी निस्तरावी लागते.

फायनलसाठी डबल टिश्यू. दोन टिश्यू आणि मधे सीएमसी, म्हणजे मिथाइल सेल्युलोजच्या जातीतली पावडर पाण्यात भिजवून केलेली खळ. कपभर पाण्यात चमचाभर पावडर थोडी थोडी भुरभुरवायची, एकदम टाकली तर गुठळ्या होतात, आणि रात्रभर ठेवायची. मग काचेवर टिश्यू पसरून मधून बाहेर असा ब्रश फिरवायचा, त्यावर दुसरा टिश्यू, पुन्हा ब्रश. वाळल्यावर कागद कडक, पातळ, आवाज करणारा निघतो. हे मी पहिल्यांदा जुलैमध्ये केलं, डोंबिवलीच्या पावसात, आणि तीन दिवस तो सुकलाच नाही, सोलताना कोपरा काचेलाच राहिला, आणि उरलेला कागद दमट हवेत इतका मऊ पडला की धारदार घडी येईना. ऑक्टोबरच्या उन्हात तोच कागद एका दुपारीत तयार झाला. स्वस्त रंगीत टिश्यूचा रंग खळीत उतरतो, म्हणून पांढरा घेऊन आधी अॅक्रिलिकने रंगवला.

४५ सेंमीच्या चौरसातून ड्रॅगन झाला, अठरा दिवस लागले. डाव्या पायाचं एक बोट जरा जाड आहे, पण पंख बघितले की मला अजून भरून येतं. शेवटी पातळ खळ बोटांना आणि पंखांच्या मुळाशी लावून कपड्यांच्या चिमट्यांनी रात्रभर धरून ठेवलं होतं, त्यामुळे महिनाभर झाला तरी काही उघडलं नाही. ब्राउन पेपरवाला सरावाचा ड्रॅगन शेजारीच आहे, खळ न लावलेला, त्याचे पंख पावसाळ्यात खाली आले आणि पाय फाकले. त्यालाही आता खळ लावणार आहे.