चेहऱ्यावरची चामखीळ: मलम लावायचं, जाळून घ्यायची की थांबायचं?

"कशाने काढू?" हे विचारण्याआधी ती चामखीळच आहे का, हे बघायला हवं. मानेवर लोंबणारा मऊ मांसाचा बारीक कण किंवा वयाबरोबर गालांवर वाढत जाणारे काळे दाणे, यांनाही आपण चामखीळच म्हणतो. पण ते विषाणूमुळे येत नाहीत आणि पसरतही नाहीत. खरी चामखीळ एचपीव्ही विषाणूची. चेहऱ्यावर ती बहुतेक वेळा दोन रूपांत दिसते. एक, पापणी, ओठ, नाक यांच्या आसपास दोऱ्यासारखं बारीक, खरखरीत टोक. दुसरं, कपाळ-गालांवर त्वचेच्याच रंगाचे किंवा किंचित तपकिरी, चपटे, गुळगुळीत ठिपके.

दोऱ्यासारखी एकच असेल तर कॉटरी (विजेने तापवलेल्या बारीक टोकाने जाळणं) किंवा आरएफ (रेडिओलहरींच्या उष्णतेने जाळणं) करून घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. बधिर करणारं मलम तासभर लावून ठेवतात किंवा बारीकसं इंजेक्शन देतात, आणि मग काम काही मिनिटांचं. खपली साधारण आठवडा-दहा दिवसांत आपोआप पडते. ती नखाने उचकटली की डाग राहतो. आजूबाजूच्या त्वचेत विषाणू उरला असेल तर चामखीळ पुन्हाही येते, हे मनाशी धरून चालावं. लेसर जास्त नेमका आहे, पण महाग. एका चामखिळीसाठी मी तरी यंत्रापेक्षा डॉक्टरांचा हात बघेन.

चपट्या ठिपक्यांचं गणित वेगळं. ते कधी कधी तीस-चाळीस असतात, आणि एकेक जाळत बसलं तर तेवढेच डाग पडू शकतात. इथे ट्रेटिनॉइनचं, म्हणजे अ-जीवनसत्त्वाच्या एका रूपाचं, मलम बरं. रात्री अगदी थोडं लावायचं, दिवसा सनस्क्रीन. सुरुवातीला त्वचा लाल होते, सोलवटते, आणि अनेक जण तिथेच मलम सोडून देतात. खरं तर गुण यायला दोन-तीन महिने लागतात. गरोदरपणात किंवा मूल होऊ देण्याचा विचार असेल तेव्हा हे मलम वापरत नाहीत.

द्रवरूप नायट्रोजनने गोठवणं हाता-पायांवर चांगलं. चेहऱ्यावर, त्यातही आपल्या सावळ्या-गव्हाळ रंगावर, मी ते मागे ठेवेन. रंग देणाऱ्या पेशी थंडीला इतर पेशींच्या आधी बळी पडतात आणि मागे पांढरा चट्टा राहू शकतो.

घरगुती उपायांबद्दल मात्र मला तळमळीने सांगायचंय. बिब्बा, चुना-सोडा, आंब्याचा चीक ही सगळी कातडी भाजणारी द्रव्यं आहेत, आणि ती किती खोल जातील यावर आपला ताबा नसतो. माझ्या आत्याने गालावर बिब्बा लावला. चामखीळ गेली, पण तिथला काळा खड्डा आयुष्यभर राहिला. दुकानात मिळणारं कुरुपाचं औषधही चेहऱ्यासाठी नाही.

मूल लहान असेल तर काहीच न करणं हाही खरा पर्याय आहे. मुलांच्या बऱ्याचशा चामखिळी दोनेक वर्षांत आपल्या आपण जातात. दाढी करणाऱ्यांनी मात्र थांबू नये. वस्तऱ्याच्या बारीक ओरखड्यांतून त्या रांगेने पसरतात. उपचार चालू असेतो ट्रिमर वापरावा आणि तो दुसऱ्याला देऊ नये.

लग्नकार्य तोंडावर असेल तर कॉटरी दोन-तीन महिने आधीच उरका, कारण खपलीनंतरचा काळसर डाग फिकट व्हायला तेवढे दिवस लागतातच. आणि उतारवयात नव्याने आलेली, भराभर वाढणारी किंवा रक्त येणारी गाठ कुणाकडूनही नुसती जाळून घेऊ नका. आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि तुकडा तपासायला पाठवायचा का, हे विचारा. जाळून टाकल्यावर तपासायला काही उरत नाही.